मुलाखत दोघांचीही असते



मुलाखत म्हटली की आपल्या मुलांच्या छातीत धडधड सुरू होते. आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न कुठे वळेल, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून आज आम्ही वेगळ्या मुलाखतीविषयी बोलणार आहोत. एम.बी.बी.एस. होऊन पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, म्हणजे रेसिडेन्सीसाठी, अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्यांना ती द्यावी लागते.

आपल्याकडे नीट-पीजीचा क्रमांक येतो, पसंतीक्रम भरायचा आणि मिळेल ते कॉलेज घ्यायचे. तिकडे १९५२ पासून 'मॅच' ही पद्धत आहे. मुलाखतींनंतर रुग्णालय उमेदवारांची क्रमवार यादी देते, तशी उमेदवारही रुग्णालयांची देतो. संगणक दोन्ही जुळवतो. १९९८ पासून ही जुळणी उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. तेव्हा 'ते आपल्याला घेतील का' हा हिशेब करू नये; जिथे मनापासून जायचे तेच पहिले लिहावे.

हे पहिले ठरते कशावर? नावलौकिक, गाव, नातेवाईक हे असतेच. पण मुलाखतीच्या दिवशीच्या अनुभवाला फार वजन असते. विभागप्रमुख गोडच बोलतात. (खाते उघडेपर्यंत आम्ही बँकवालेही गोडच बोलतो!) खरी माहिती तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांकडे असते. वरिष्ठ उठून गेल्यावर ते मोकळे बोलतात की गप्प होतात? कनिष्ठाची चूक चारचौघांत कशी दाखवतात? परदेशातून आलेले किती, आणि ते शेवटच्या वर्षापर्यंत टिकले का? मेडिसिनला तीन वर्षे, सर्जरीला पाच, तिथेच काढायची असतात.

धर्म, वय, मुलेबाळे यांविषयी विचारू नये, असा मॅचचा नियम आहे. तरीही कोणी विचारलेच, तर यादी करताना तेही मोजावे.

२०२० च्या कोविडपासून बऱ्याच मुलाखती पडद्यावर होतात. विमानभाडे वाचते, गरिबाच्या मुलाला ही मोठीच सोय. मात्र वॉर्ड दिसत नाही, कॅन्टीनमधले चेहरे दिसत नाहीत. म्हणून रेसिडेंटांची वेगळी बैठक असेल तर ती चुकवू नये. जे जाणवले ते त्याच रात्री वहीत लिहावे. दहावी मुलाखत होईतो पहिली पुसट होते.

जुळलेली जागा बंधनकारक असते. मार्चमध्ये सोमवारी जागा लागली की नाही एवढेच कळते. कुठे लागली, ते शुक्रवारी.