नवगावचे दोन उंचवटे आणि आमचे कबरस्तान

(मुहैस्नाह येथील कौटुंबिक मेळाव्यात ध्वनिमुद्रित केलेले भाषण)



आपण जमलो आहोत त्या मुहैस्नाहच्या एका भागाला येथील कामगार ‘सोनापूर’ म्हणतात. मुंबईकराच्या कानाला हा शब्द चमत्कारिक लागतो, कारण मरीन लाइन्सचे स्मशान आपल्याकडे सोनापूर म्हणूनच ओळखले जाई. आज मी बोलणार आहे तेही मृतांच्या जागेविषयीच.

आपल्या परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्याजवळ पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. किनाऱ्यास लागलेली प्रेते त्यांनी दोन उंचवट्यांखाली पुरली, एकात पुरुष व दुसऱ्यात स्त्रिया. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात ही घटना ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील मानली. ग्रंथ १८९७ साली लिहून झाला, छापला गेला १९३७ साली. सर्व अभ्यासकांस त्यांची कालगणना मान्य नाही, आणि मला त्या वादात शिरण्याचे कारण दिसत नाही. वाचलेल्यांनी घाणा चालविला, शब्बाथ पाळला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावागावांत पांगल्यावर पेणकर, दिवेकर, अष्टमकर, चौलकर अशी आडनावे रूढ झाली.

नवगावास निदान स्मारक आहे. अलिबाग तालुक्यातील आमच्या कौटुंबिक कबरस्तानास कुंपणही नाही. मागील पावसाळ्यानंतर गेलो, तेव्हा निवडुंग व करवंदीच्या जाळीतून कोयत्याने वाट काढावी लागली. सर्वांत जुन्या कबरांवर अक्षर नाही, नुसते काळे दगड आहेत. नंतरच्यांवर मराठी व हिब्रू दोन्ही आहेत, पण खाऱ्या वाऱ्याने हिब्रू ओळी झिजल्या आहेत. पणजीचे नाव मी बोटांनी चाचपून वाचले, वर खडा ठेवला. हशकाबा म्हटली, कद्दीशसाठी मिन्यान कोठून आणावे?

अलिबागेस आता जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. शेजारच्या तुकड्यावर बंगला होत असून त्याची आखणी आमच्या हद्दीत शिरते. सातबाऱ्यावर अद्याप पणजोबांचेच नाव आहे. त्यांचे वारस अश्दोद, दिमोना, ठाणे व दुबई येथे विखुरले आहेत, आणि सर्वांच्या सह्यांवाचून वारसनोंद रखडली आहे. झाडी तोडणे एका आठवड्याचे काम; कागदच अवघड.

म्हणून माझी विनंती अशी. येथील वारसांनी भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्र साक्षांकित करून घ्यावे. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागतो, हे विसरू नये. इस्राएलमधील चुलत भावंडांशी मी बोललो आहे. त्यांपैकी एक काका विचारतात, “तेथे आता कोण राहतो?” त्यांना मी कबरांची यादी पाठविली. चौदा नावे वाचता आली आहेत. उरलेली ज्यांच्या घरी जुन्या वहीत किंवा आजीच्या तोंडी असतील, त्यांनी ती आज जाण्यापूर्वी मला लिहून द्यावीत. मोजणीचा अर्ज याच महिन्यात द्यावयाचा आहे.