गोधडीची किंमत



२०२४ सालच्या आपल्या प्रदर्शनात मी गोधड्या मांडल्या, आणि विकायलाही मीच बसले. शिवणे सोपे, विकणे कठीण!

"जुनेराला कसले हो पैसे?" असे एकीने विचारलेच. जुनेर फुकट मिळते, हे खरे नाही. सुती लुगडी नेसणाऱ्याच किती उरल्या? नायलॉनच्या साडीचे थर सरकतात, घामही टिपत नाहीत. मऊ सुताचे तीन-चार थर अंथरायचे आणि कडेपासून धावदोरा घालीत मध्यापर्यंत यायचे. रोज दुपारी दोन तास बसून मोठ्या गोधडीला मला महिना लागला. म्हणजे ६० तास. तासाला ५० रुपये धरले आणि ३,००० रुपयांची चिठ्ठी लावली. शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. (त्यांचे लोणचे मात्र झकास होते.)

बाळाची दुपटी ३०० रुपयांप्रमाणे सगळी खपली. मोठीला एका गृहस्थांनी १,५०० देऊ केले. मी नाही म्हटले. ती घरी परत आली. चिठ्ठी तशीच आहे.

पुढच्या प्रदर्शनात ज्या बसणार असतील, त्यांनी आजपासून तासांची वही घालावी. रेघा मारून द्यायला मी आहे.