दोन औषधांनी गुण न आला तर
(दुबई येथील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

मी चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केले; त्यातली काही मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली. म्हणून छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे.

दोन वेगवेगळी औषधे, पुरेशा मात्रेत, प्रत्येकी निदान सहा आठवडे, खरोखर पोटात जाऊनही भास आणि संशय ओसरले नाहीत, तर आजार नेहमीच्या उपचाराला दाद देत नाही असे मानतात. ‘खरोखर पोटात’ हे शब्द मी मुद्दाम योजते. उशीखाली साठवलेल्या गोळ्या मी पुष्कळ पाहिल्या. अशा वेळी तिसरे, चौथे तसलेच औषध देत वर्षे दवडू नयेत. डॉक्टरांपाशी क्लोझापीनचा विषय काढावा. १९८८ च्या अमेरिकेतील अभ्यासात अशाच रुग्णांपैकी ३० टक्क्यांना त्याने गुण आला. जुन्या क्लोरप्रोमाझीनने केवळ ४ टक्क्यांना.

मग ते आधीच का देत नाहीत? १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी नष्ट होऊन काही रुग्ण दगावले. हा धोका शेकडा एकाहून कमी. तरी आरंभी दर आठवड्याला रक्त तपासतात. ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बद्धकोष्ठही हसण्यावारी नेऊ नये.

आमच्या नात्यातल्या एका तरुणास याच औषधाने पुन्हा माणसांत आणले. मुंबईहून इकडे येताना त्याच्या गोळ्यांची बॅग विमानाबरोबर आली नाही. मिळाली ती तिसऱ्या दिवशी. त्या रात्री त्याच्या आईने नेहमीच्या सगळ्या गोळ्या तळहातावर काढल्या. “मावशी, इतके दिवस चुकले, आज तरी पुरत्या देते.” मी तिचा हात धरला. ४८ तासांहून अधिक खंड पडला की शरीराची सवय मोडते. एकदम पूर्ण मात्रा दिली तर रक्तदाब कोसळू शकतो, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांना फोन केला. पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून आरंभ झाला. मात्रा चढेपर्यंत घर रात्ररात्र जागे होते, कारण त्याचे आवाज परतले होते. ती माझ्यावर रुसली, तेही सोसले.

तेव्हा गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगा, आणि इथली सरकारी परवानगी लागते का, हे निघण्यापूर्वी पाहा. मनोरुग्णांसाठी दुबईत अल अमल रुग्णालय आहे. आणखी एक: मुलाने सिगारेट सोडली तर आनंद माना, पण डॉक्टरांना कळवा, धूर थांबला की रक्तातले औषध वाढते.

गेल्या महिन्यात त्या घरी एलियाहू हन्नाबीचा मलिदा झाला. पोहे त्यानेच भिजवले, आणि मध्येच रक्त देऊन आला.