बायांच्या खेळाची मजुरी

आपल्या बेलापुरात सिडको भवन आहे ना, त्याच सिडकोनं शेजारी खारघरला गोल्फचं मैदान केलंय. श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय त्याचं, असं वाटतं. पण पोटासाठी गोल्फ खेळणाऱ्यांना पगार नसतो. पहिल्या दोन दिवसांत मागे पडलं, की बहुतेक स्पर्धांत हाती काहीच येत नाही. प्रवास, मुक्काम, पिशवी उचलणाऱ्या कॅडीची मजुरी, सगळं पदरचं.

त्यातून बाईला आणखी कमी. २०२४च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत पुरुषांना मिळून बक्षिसं होती २ कोटी १५ लाख डॉलरची, बायकांना १ कोटी २० लाखांची. हीसुद्धा वाढलेली बरं का! १९५० साली अमेरिकेत तेरा जणींनी स्वतःची संघटना काढली. खेळायच्याही त्याच, हिशेब ठेवायच्याही त्याच. अगदी आपल्या बचत गटासारखं.

बायकांचा खेळ बघतं कोण, असं कारण सांगतात. २ नोव्हेंबर २०२५ला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सगळ्यांनी बघितलं. क्रिकेट मंडळानं २०२२मध्येच सामन्याचं मानधन सारखं केलं, एकदिवसीयला सहा लाख. वार्षिक करारात मात्र तेव्हा वरच्या श्रेणीतल्या पुरुषाला सात कोटी, बाईला पन्नास लाख.

समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता. तुमच्या गावात कापणीला बाईची हजेरी किती, गड्याची किती? पुढच्या बैठकीत दोन्ही आकडे गटाच्या वहीत लिहा आणि आम्हाला कळवा.