साच्यातील साचा आणि भाषेची जागा



‘टेम्प्लेट’ या संज्ञेसाठी मराठी विकिपीडियाने ‘साचा’ हा शब्द योजला आहे. तो मला पसंत आहे. मात्र मूर्तिकाराच्या साच्यातून प्रत्येक मूर्ती सारखीच निघते. संकेतस्थळाच्या साच्याचे मर्म त्यात राखलेल्या रिकाम्या जागांत असते.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली ‘जँगो’ या प्रणालीची घडण सुरू झाली. २००५ मध्ये ती सर्वांना खुली झाली. वृत्तपत्रात मजकूर रोज बदलतो, पानाची बांधणी तीच राहते. जँगोतही तशा दोन सोयी आहेत. ‘एक्स्टेंड्स’ म्हणजे एखाद्या पानाने मूळ साचा स्वीकारून त्यातील ‘ब्लॉक’ नावाच्या जागा तेवढ्या भरणे. जी भरली नाही, तेथे मुळातला मजकूर राहतो. ‘इन्क्लूड’ म्हणजे एखादा लहान साचा हव्या त्या पानात बोलावून घेणे. कीर्तनकाराला हे वेगळे सांगावयास नको: पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट ही पहिली सोय, मध्येच घेतलेले पद ही दुसरी. मात्र इन्क्लूडने आलेला तुकडा सिद्ध होऊनच येतो. त्यातील ब्लॉक पानाला मागाहून बदलता येत नाहीत. बदलाची जागा मूळ साच्यातच राखावी लागते.

भाषेचा प्रश्न येथेच उद्भवतो. पानाची भाषा कोणती, हे मूळ साच्याच्या आरंभीच नोंदलेले असते. पुष्कळदा तेथे इंग्रजीची खूण कायमची कोरलेली असते. मग खालची सगळी देवनागरी पाने स्वतःला इंग्रजी म्हणवू लागतात! डोळसांना हे जाणवतही नाही. परंतु अंध विद्यार्थ्याला पान वाचून दाखवणारी आज्ञावली त्या खुणेवरून उच्चार निवडते, आणि मराठी मजकूर इंग्रजी वाणीच्या हवाली होतो. मायबोलीवर तासन् तास भाषणे देणारे आपण या एका ओळीकडे ढुंकूनही पाहत नाही.

आपल्या सीमाभागात एकाच सूचनाफलकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी नांदतात. अशा ठिकाणी भाषेच्या खुणेपाशी ब्लॉक राखावा, आणि प्रत्येक सूचनेच्या लहान साच्याला तिची भाषा सोबत द्यावी. इन्क्लूडला ‘विथ’ जोडून तसे करता येते. दुरुस्ती मूळ साच्यात एकदा केली की त्यावर बेतलेल्या सर्व पानांना पोहोचते. या व्यवसायातील माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या संस्थांच्या संकेतस्थळांची ती आरंभीची ओळ उघडून पाहावी, एवढी माझी विनंती आहे.