बरे झालेलेच बोलतात



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आज कॅन्सरच्या ‘पर्यायी’ उपचारांवर बोलतोय, कारण माझ्या खालाच्या वेळी मी गप्प बसलो होतो.

तिच्या स्तनात गाठ होती. पुण्यातल्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करायला सांगितलं. केमोच्या भीतीने ती एका जडीबुटीवाल्याकडे गेली. त्याने बऱ्या झालेल्या रुग्णांचे व्हिडिओ दाखवले, हळद आणि कलौंजीचं तेल दिलं. मी म्हणालो, “करून बघायला काय जातं?” आठ महिने गेले. आजार हाडांपर्यंत पोचला. खाला आज नाही. ऑपरेशनने ती नक्की वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण ती संधी आम्ही घालवली.

माझ्या कामात एखादी सिस्टीम फक्त यशस्वी व्यवहार नोंदवून फसलेले पुसून टाकत असेल, तर तिचा अहवाल शंभर टक्के यशच दाखवेल. त्या व्हिडिओंचं तेच आहे. जे वाचले ते बोलतात. माझ्या खालाचा व्हिडिओ कोणी काढला नाही. पुरावा म्हणजे उपचार घेतलेल्या सगळ्यांची मोजदाद.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ती केली. अभ्यास २०१८ साली छापून आला. कॅन्सर शरीरात दूरवर पसरलेला नसताना फक्त पर्यायी उपचार निवडलेले २८१ रुग्ण त्यांनी घेतले. वय आणि आजाराची अवस्था जुळणाऱ्या, नेहमीचे उपचार घेतलेल्या रुग्णांशी तुलना केली. पर्यायी गटात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या बरं होण्याचं श्रेय आहार, हळद, कडुनिंबाला दिलं. त्यांचं ऑपरेशन आणि केमोही झाली होती. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांनी पत्रक काढून सांगितलं, या दाव्याला पुरेसा पुरावा नाही. उपचार लांबवू नका.

विज्ञानाचं वनस्पतींशी वैर नाही. आपल्या अंगणातली सदाफुली मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून तपासायला घेतली गेली. त्यातून व्हिन्क्रिस्टिन मिळालं, जे लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही वापरतात. पण त्यासाठी त्यातला घटक वेगळा काढला, मात्रा ठरवली, रुग्णांवर चाचण्या घेतल्या. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींवर परिणाम दाखवतं, पण खाल्ल्यावर ते रक्तात फारच थोडं उतरतं.

कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी घरच्या ग्रुपवर असा व्हिडिओ येणारच. तेव्हा विचारा: एकूण किती रुग्ण आले? पाच वर्षांनी त्यातले किती हयात आहेत? आधी ऑपरेशन, केमो झाली होती का?

घरात कोणी आजारी असेल तर दुवा मागा. कलौंजी द्यायची तर डॉक्टरांना सांगून द्या. पण ऑपरेशनची तारीख चुकवू नका. आणि वडीलधाऱ्यांसमोर हे बोलायला संकोचू नका. मी संकोचलो होतो.