जहाज एक, नावं अनेक

लेकीचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, हे आपल्या ओळखीचं. लढाऊ जहाजांचंही असंच होतं.

ब्रिटनमध्ये बांधलेली क्रूझर 'अकिलीस' 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत लढली. 1941मध्ये न्यूझीलंडचं स्वतंत्र नौदल उभं राहिलं आणि ती त्यात गेली. 1948मध्ये भारताने ती घेतली, नाव ठेवलं 'दिल्ली'. तेव्हा नावाआधी 'एचएमआयएस' लागे. प्रजासत्ताक आल्यावर 1950पासून 'आयएनएस' लागलं. गंमत म्हणजे 1956च्या इंग्रजी युद्धपटात आपल्या 'दिल्ली'नेच 'अकिलीस'ची, म्हणजे स्वतःचीच भूमिका केली! 1978मध्ये ती निवृत्त झाली आणि मुंबईत मोडीत निघाली. तिचा एक तोफ-मनोरा मात्र आजही ऑकलंडच्या नौदल तळावर उभा आहे.

मग लिहिताना नाव कोणतं घ्यायचं? नियम सोपा आहे: घटना ज्या काळची, नाव त्या काळचं. 1939ची लढाई 'अकिलीस'ची, 1950 नंतरची सेवा 'आयएनएस दिल्ली'ची. तसंच 1982चं फॉकलंड युद्ध ब्रिटिश युद्धनौका 'हर्मीस' लढली. भारताने घेतल्यावर ती 'विराट' झाली 1987मध्ये.

धाराशिव जिल्ह्यातल्या जळकोट गावच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या सातबारावर जिल्हा उस्मानाबाद, आजच्या कागदावर धाराशिव, गाव तेच. तेव्हा गावाचा इतिहास लिहाल, तर त्या काळचं नाव ठेवा आणि शेजारी कंसात आजचं लिहा.